गोष्टींतील उचल आणि फेड

अलीकडे शाळेंतील मुलें गोष्ट लिहावयास बसलीं म्हणजे राजपुत्र व राक्षस यांच्या जागीं मोबाईलवरील चढाओढीच्या खेळांतील वीर आणून बसवितात. कित्येक पालकांस हा विषयच हलका वाटतो. आमचें मत तसें नाहीं. जेथें दोन पक्ष, ठरलेले नियम आणि हारजीत आहे, तेथें कथेस लागणारें बहुतेक साहित्य आयतेंच मिळतें. दोष विषयांत नसून शेवटांत आहे. नायकाचे सर्व सोबती पडले आहेत, शत्रूंनीं त्यास घेरलें आहे, आणि इतक्यांत पूर्वीं कोठेंही नांव न आलेलें एक शस्त्र त्याच्या हातीं येतें. सामना जिंकला जातो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि गोष्ट संपते. टाळ्या गोष्टींतील लोक वाजवितात; वाचकाचे हात मात्र जागचे हलत नाहींत. असें कां व्हावें?

आपल्या दिंद्रुड, माजलगांव, धारूर या भागांत ‘उचल’ म्हणजे काय हें लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. ऊसतोडीस जाण्यापूर्वीं मुकादमाकडून जी रक्कम घ्यावयाची ती उचल; पुढें हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची. गोष्ट लिहिणाराही वाचकापासून अशीच उचल घेत असतो. ‘या मुलाच्या खिशांत एक जुनी किल्ली होती’ असें त्यानें लिहिलें, कीं वाचकाचें लक्ष त्यानें उसनें घेतलें. ती किल्ली पुढें कोठें तरी लागलीच पाहिजे. न लागली तर उचल बुडविल्यासारखें झालें. उलट, जें कधीं सांगितलेंच नाहीं तें शेवटीं पुढें करणें म्हणजे न घेतलेल्या उचलीची फेड दाखविणें होय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत याच तत्त्वास शेतकऱ्याचा शब्द योजिला आहे. कथेच्या आरंभीं जें थोडेंसें टाकलेलें असतें व ज्यापासून शेवटचें फळ निपजतें, त्यास तेथें ‘बीज’ असें नांव आहे.

मोबाईलच्या खेळांवरील कथेस हा नियम अधिकच कडकपणें लागू पडतो. कबड्डीच्या गोष्टींत चढाई करणाराचा दम सुटला कीं तो बाद, हें वाचकास ठाऊक असतें. तेथें लेखकास लबाडी करतां येत नाहीं. परंतु कल्पित खेळाचे नियम लेखकाच्याच मुठींत असतात. त्यास नायकाला वाटेल तें शस्त्र आणि वाटेल ती विद्या देतां येते, आणि म्हणूनच त्या देण्यास किंमत उरत नाहीं. यास्तव ज्या एका नियमावर शेवटचा डाव फिरणार, तो नियम वाचकास अगोदर, आणि साधलें तर नायकाच्या एखाद्या पराभवांतून, कळला पाहिजे. सगळा खेळ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तो एक नियम पुरे.

चढाओढीच्या खेळाची उत्तम कथा आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान घ्या. नळराजा आपला भाऊ पुष्कर याच्याशीं द्यूत खेळून राज्य गमावतो, वनांत दमयंतीस सोडून जातो आणि बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरीं राहतो. पुढें दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते. ऋतुपर्णास एका दिवसांत विदर्भांत पोंचावयाचें असतें आणि सारथी असतो बाहुक. रथ भरधांव चालला असतां वाटेंत बेहड्याचें झाड लागतें. त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळें आहेत, असें राजा नुसत्या नजरेनें सांगतो. बाहुक रथ थांबवितो, झाड तोडून मोजतो, तों संख्या बरोबर भरते. मग ऋतुपर्ण त्यास अक्षहृदय, म्हणजे फांशांची विद्या, देतो. प्राचीन काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे झाडाची निवड किती नेमकी आहे तें कळतें.

आतां बीज कसें पेरलें आहे पाहा. प्रसंग खेळाचा नाहींच. वाचकाचें लक्ष स्वयंवराची वेळ गांठली जाते कीं नाहीं इकडे लागलेलें असतें, आणि मोजणी ही राजाची बढाई वाटते. परंतु नळ पुष्करास पुन्हां आव्हान देऊन एकाच डावांत सर्व जिंकतो, तेव्हां तें झाड आठवतें. शिवाय जिंकल्यावर तो पुष्करास क्षमा करून त्याचा वांटा परत देतो. डावापायीं सर्वस्व उधळणारा मनुष्य आतां हात आवरूं शकतो, ही त्या कथेची खरी फेड. आणि बृहदश्व ऋषि ही कथा कोणास सांगतात? द्यूतांत हरलेल्या युधिष्ठिरास. कथेअखेर ते त्यासही अक्षहृदय देतात. आणि विराटपर्वांत तोच युधिष्ठिर कंक या नांवानें, फांसे खेळण्यांत निपुण म्हणून, विराटाच्या सभेंत राहतो.

हेंच सूत्र आजच्या कथेंतही चालतें. चीनमध्यें २०११ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली व इंग्रजींत ‘द किंग्ज अवतार’ या नांवानें ओळखली जाणारी कादंबरी संगणकावरील सामन्यांविषयींच आहे. तिचा नायक ये शिऊ हा नामांकित खेळाडू. संघानें दूर केल्यावर तो समोरच्याच इंटरनेट कॅफेंत रात्रपाळीची नोकरी धरतो. खेळांत त्याच्यापाशीं एक छत्री असते, आणि ती निरनिराळ्या शस्त्रांचीं रूपें घेते. ही छत्री अखेरच्या सामन्यांत एकदम निघाली असती तर ती निव्वळ जादू ठरती. परंतु ती त्याच्या दिवंगत मित्रानें घडविलेली आहे, हें वाचकास ठाऊक असतें. आणि साहित्य जमवून तो ती पायरीपायरीनें सुधारीत असतांना वाचक बरोबर असतो. म्हणून तिचें प्रत्येक नवें रूप कमाईचें वाटतें.

कोणी म्हणेल, सर्व अगोदर सांगितलें तर गंमत काय राहिली? परंतु पेरलेलें बीं मातीखालीं असतें, तें उघड्यावर नसतें. जें वाचकानें पाहिलें पण ज्याचें महत्त्व ओळखलें नाहीं, तेंच शेवटीं त्यास अधिक चकित करतें. शिवाय फेड जिंकूनच व्हावी असें नाहीं. नायकाचा उतावळा स्वभाव आरंभीं दाखविला असेल, तर त्याच उतावळेपणानें तो हरला तरी गोष्ट पुरी होते.

गोष्टीची एवढी चिकित्सा कशास, असें पालक विचारतील. बीजावांचून फळ दाखविणाऱ्या गोष्टी केवळ मुलांच्या वह्यांत नाहींत, हें त्याचें उत्तर. पैसे लावून खेळावयाच्या खेळांच्या जाहिराती वर्षानुवर्षें हीच गोष्ट सांगत आल्या: एका मनुष्यानें मोबाईल उघडला, बोट फिरविलें आणि तो लक्षाधीश झाला. मधला भाग त्यांत नसतो. २०२५ सालीं संसदेनें कायदा करून असल्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा, यांस मान्यता दिली. २०२३ सालीं हांगझोऊ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत अशा स्पर्धांस पदकेंही होतीं. कायदा जाहिरात थांबवूं शकेल. परंतु ‘मधला भाग कोठें आहे?’ असें विचारण्याची संवय कायद्यानें लागत नाहीं. ती चांगल्या गोष्टी वाचून आणि लिहून लागते. ज्या घरचे आईबाप हंगामभर कोयता चालवून उचल फेडतात, त्या घरच्या मुलास ही संवय असणें फारच अगत्याचें आहे. कारण फुकटच्या फळाची गोष्ट तेथेंच अधिक गोड लागते.

विद्यार्थिमित्रांनीं म्हणून एक करावें. गोष्ट लिहून झाल्यावर शेवटचा डाव पुन्हां वाचावा; आणि ज्या वस्तूवर, नियमावर किंवा स्वभावावर तो फिरला, तो मागें कोठें आला आहे तेथें बोट ठेवावें. बोट ठेवावयास जागा सांपडली नाहीं तर शेवट खोडूं नये. मागें जाऊन पेरणी करावी. पालकांनींही मुलाची वही हातीं घेतली म्हणजे ‘कोण जिंकला?’ एवढेंच न विचारतां ‘तो कां जिंकला?’ असें विचारीत जावें.