सोडून दिलेला मासा

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ साचलेले असते, तेव्हा फ्लोरिडाच्या दक्षिण किनाऱ्यावरील समुद्र मात्र उबदार असतो. गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह तेथे किनाऱ्याच्या अगदी जवळून वाहतो. पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला सेलफिश मासा थंडीबरोबर दक्षिणेकडे सरकतो आणि स्टुअर्ट, पाम बीच येथून भाड्याच्या बोटी त्याच्या मागे निघतात. पोटासाठी नव्हे, खेळ म्हणून. व्यापारी मंडळी आपल्या ग्राहकांस अशा बोटीवर नेतात, ती तेथील पाहुणचाराचीच एक रीत आहे. व्यवसायानिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या घरातील तरुणासही एखादे दिवशी हे निमंत्रण येते. तो संकोचला की यजमान समजावतो, "आम्ही मासा मारीत नाही. धरतो आणि सोडून देतो."

हे उत्तर ऐकून पुष्कळांची शंका फिटते. ती फिटावी का, हा प्रश्न आहे.

यजमानाचे म्हणणे खोटे नाही, हे आधी मान्य करावे. स्नूक नावाच्या किनारी माशाच्या विक्रीस फ्लोरिडात १९५७ पासून बंदी आहे. जानेवारी २०१० मध्ये तेथे कडाक्याची थंडी पडून स्नूक मोठ्या संख्येने मेले, तेव्हा तो घरी नेण्यासही मनाई झाली. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूस ही मनाई २०१३ पर्यंत टिकली. टार्पन हा मोठा मासा, विक्रमासाठीचा विशेष परवाना वगळता, सोडूनच द्यावा लागतो आणि तो ४० इंचांहून लांब असल्यास छायाचित्रासाठीसुद्धा पाण्याबाहेर उचलता येत नाही. सेलफिशच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिष लावायचे असेल तर २००८ पासून वर्तुळाकार गळच वापरावा लागतो. सोडलेल्या स्नूकपैकी शेकडा दोनच्या आसपास मरतात, असे तेथील अभ्यासात आढळले आहे. इतकी शिस्त पुष्कळ प्रतिष्ठित धंद्यांतही सापडत नाही.

पण हे नियमच बारकाईने वाचावेत. वर्तुळाकार गळ का? कारण जुना वाकडा गळ घशात व पोटात रुतत असे. हा बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मोठा मासा उचलायचा का नाही? कारण पाण्याबाहेर त्याच्या देहाचा भार त्याच्याच अंतर्गत अवयवांवर पडतो आणि श्वास कोंडतो. दीर्घ झटापटीने थकलेल्या टार्पनला सोडताच शार्क गाठतात, हेही तेथील लोकांना ठाऊक आहे. मृत्यूच्या रकान्यात शेकडा दोन दिसतात, परंतु उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या तोंडातही गळ रुतलेला असतोच, आणि त्यासाठी कोठे रकाना नाही.

माशाला वेदना होते काय? स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचून पाहिले. त्या माशांनी खाणे टाळले आणि काही तर तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. जैन गृहस्थाला मात्र त्या निकालासाठी थांबावे लागत नाही, कारण मासा हा पंचेंद्रिय जीव आहे.

आपल्याकडील विचार येथे फार सूक्ष्म आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध आणि छेद येतात. म्हणजे बांधणे आणि अंगाला इजा करणे. जीव वाचला म्हणून व्रत अबाधित राहिले, असा हिशेब तेथे नाही. शेतात, गोदामात, प्रवासात जी हिंसा घडते ती टाळता न येणारी म्हणून गृहस्थाच्या बाबतीत वेगळी मानली आहे. जाणूनबुजून केलेली, ती संकल्पी हिंसा. करमणुकीसाठी गळ टाकणे हे तिचे अगदी स्वच्छ उदाहरण होय, मग मासा परत पाण्यात जावो वा ताटात.

नवल असे, की स्वित्झर्लंडनेही निराळ्या वाटेने जवळपास हेच गाठले आहे. तेथील २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार सोडून देण्याच्या हेतूने मासा गळाला लावणे निषिद्ध आहे. फ्लोरिडातील यजमानाचे समर्थन तेथे अपराधाची कबुली ठरेल!

राहिला व्यवहार. व्यापारात निमंत्रण नाकारणे अवघड असते आणि उपदेश करून नाकारणे त्याहून अनुचित. पण बेत बदलण्याची विनंती कोणालाही करता येते. ऑर्लँडोच्या उत्तरेस ब्लू स्प्रिंग येथे झऱ्याचे पाणी बारा महिने सुमारे २२ अंशांवर असते. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत थंडीपासून बचावण्यासाठी मॅनटी नावाचे संथ, अवाढव्य, शाकाहारी जलचर तेथे शेकड्यांनी येतात. त्या काळात पाण्यात उतरण्यास मनाई असते; काठाने बांधलेल्या लाकडी वाटेवरून त्यांना पाहता येते. हिवाळ्यात तेथे सकाळीच गर्दी होते, म्हणून यजमानाशी बोलून लवकर निघावे.