नाकापेक्षां मोती जड

नाकापेक्षां मोती जड झाला, म्हणजे नथ शोभा न देतां दुखणें देते. आज पुष्कळ घरांतील संगणकांची हीच अवस्था झाली आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’चा नेहमींचा आधार थांबविला. तिची वारस ‘विंडोज ११’ ही इ. स. २०२१ सालीं निघाली; परंतु तिला निदान ४ गिगाबाइट स्मृति, ६४ गिगाबाइट सांठवण आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय हवी. शिवाय इ. स. २०१७ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहींत. त्यामुळें ज्यांचा पडदा स्वच्छ आहे, ज्यांची एकही कळ निखळलेली नाहीं, असे धडधाकट संगणक अडगळींत पडत आहेत. आणि ‘आतां नवा घ्यावा लागेल’ हें वाक्य ऐकून पालकांच्या कपाळास आठ्या पडत आहेत.

आमचें म्हणणें असें कीं, ज्यास संगणकाचा चांगला सराव आहे, त्यानें यंत्र बदलण्यापूर्वीं ऑपरेटिंग सिस्टिम बदलून पाहावी. आणि ती निवडतांना साधी व हलकी अशीच निवडावी. ही प्रणाली म्हणजे यंत्र आणि मनुष्य ह्यांच्यामधील कारभारी होय. उत्तम कारभारी स्वतः थोडें खातो, सांगितलें तेवढें काम करतो आणि हिशेबाची वही धन्यापुढें उघडी ठेवतो. ज्याचा स्वतःचाच बडेजाव घराच्या उत्पन्नाहून अधिक, तो कारभारी कितीही नटवा असला तरी काय कामाचा?

येथें एक भेद ध्यानांत धरावा. साधें आणि सोपें हीं एक नव्हेत. सोपी प्रणाली सर्व कांहीं आपण होऊन करते व तें कसें केलें हें झांकून ठेवते. नवशिक्यास ती हितकर आहे. साधी प्रणाली थोडेंच करते, पण झांकीत कांहीं नाहीं. सायकल साधी आहे; परंतु ती शिकतांना गुडघे फुटतातच. एकदां शिकल्यावर मात्र उतरलेली सांखळी आपली आपण चढवितां येते.

ही साधेपणाची परंपरा जुनी आहे. इ. स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनीं युनिक्सचा पाया घातला. प्रत्येक प्रोग्रॅमनें एकच काम करावें, पण तें नीट करावें, हें तत्त्व तेथें रूढ झालें. इ. स. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. त्याचें वय तेव्हां अवघें २१ वर्षांचें होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. ह्या गाभ्याभोंवतीं १९९३ सालीं पॅट्रिक व्होल्करडिंग ह्यांनीं स्लॅकवेअर व इअन मरडॉक ह्यांनीं डेबियन हे संच उभारले. २००२ सालीं आर्च निघाला. तिन्ही आजही चालू आहेत व विनामूल्य आहेत.

त्यांत निवड कशी करावी? स्लॅकवेअर हा आज हयात असलेल्या संचांत सर्वांत जुना. त्याची बहुतेक व्यवस्था साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते. ज्यास वाचतां येतें त्यास दुरुस्त करतां येतें. परंतु एका प्रोग्रॅमला दुसरा कोणता लागतो, हें धन्यानेंच पाहावें लागतें. आर्चमध्यें पाया तेवढा मिळतो, वरचें घर आपण बांधावें. त्यांतील बदल सारखे येत असतात, म्हणून वरचेवर लक्ष घालावें लागतें. डेबियन सावकाश चालतो: सुमारें दोन वर्षांनीं एक नवी आवृत्ति, आणि प्रत्येकीस एकूण पांच वर्षें सुरक्षेचा आधार. पडद्यावरील सजावट न घेतां बसविला, तर तो कांहीं शें मेगाबाइट स्मृतींत भागवितो. वर एक्सएफसीईसारखी हलकी सजावट चढविली, तरी ४ गिगाबाइटच्या यंत्रास भार होत नाहीं. आमचा कौल डेबियनला. कारण जो संगणक परीक्षेच्या आदल्या रात्रीं हटकून चालू व्हावयाचा आहे, त्यांत नावीन्य थोडें कमी असलें तरी चालेल. मात्र ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेली त्याची १३ वी आवृत्ति ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्यानें बसवितां येत नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें.

ह्या वाटेंत कांटे नाहींत असें नाहीं. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजचा ब्राउझर हलका नाहीं. थोडीं पानें उघडतांच तो सबंध प्रणालीहून अधिक स्मृति खाऊन बसतो. दुसरें, कोरी प्रणाली मराठीची सोय आपण होऊन करीलच असें नाहीं. देवनागरीचा फाँट नसेल तर अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसतात. फाँट व इनस्क्रिप्ट कळफलक ह्यांची योजना आपणच करावी लागते. तिसरें, कित्येक कामांचे प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालतात.

म्हणून शुभवर्तमानांतील बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आठवावा, आणि आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा. येथें खर्च पैशाचा नाहीं, वेळेचा व लक्षाचा आहे. प्रथम सर्व कागदपत्रांची दुसरी प्रत काढावी. नंतर पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून वायफाय, आवाज व प्रिंटर ह्यांची परीक्षा घ्यावी. आणि मगच जुनी पुसावी.

आणखी एक गोष्ट विद्यार्थिमित्रांना कळकळीनें सांगावयाची आहे. घरांतील जाणत्या मुलानें आपली हौस वडिलांच्या संगणकावर न विचारतां लादूं नये. दुसऱ्या दिवशीं त्यांचें काम अडलें आणि आपण वर्गांत बसलेले असलों, तर आपला साधेपणा त्यांना महाग पडतो. ज्यास सराव नाहीं त्याला सोपी प्रणालीच योग्य, व त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. हलकी प्रणाली ही बढाई मारण्याची वस्तु नव्हे. ती जबाबदारी पत्करण्याची गोष्ट आहे.

पालकांनाही एक विनंति आहे. अडगळींतला संगणक भंगारवाल्यास देण्यापूर्वीं तो एका सुटीपुरता मुलांच्या हातीं द्यावा. यंत्र वांचलें तर पैसे वांचतील. न वांचलें तरी त्याच्या पोटांत काय चालतें हें मुलांना कळेल. आणि त्या ज्ञानाचा आधार मात्र कोणतीही कंपनी कोणत्याही तारखेस काढून घेऊं शकणार नाहीं.