वाचणारा एक, वाचक ओसरीभर

पूर्वीचे कष्टकरी वाचत नव्हते, हे आपण सहज बोलून जातो. पुरावा मागितला की जनगणना पुढे करतो. 1911च्या मोजणीत साक्षर कोणाला धरलं? मित्राला पत्र लिहील आणि आलेलं उत्तर वाचील, त्याला. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. तिथे या चाळणीत तेर गावचा कुंभार किंवा सालगडी कितीसा उरणार?

आता श्रावण घ्या. मडकी वाळत नाहीत, आवा पेटत नाही, शेतात वाफसा नाही. मग गावोगाव पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, नाहीतर महिपतींचा 1762 सालचा ‘भक्तविजय’. लाल बासनातून सुटी पानं निघत. कंदिलाशी एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे, बायका वाती वळता वळता ऐकत. ओळ गाळली तर वाचणाऱ्याला अडवणारी बहुधा सही न येणारी एखादी आजीच. दरवर्षी ऐकून तिची पोथी पाठ झालेली. ओसरीवर कोण आणि अंगणाबाहेर कोण, हे मात्र जात ठरवायची. तेव्हा उगाच गोडवे नकोत.

तेरला या पोथीवाचनाला आणखी एक पदर. ‘भक्तविजया’त याच गावचे संत गोरोबाकाका कुंभार आहेत, भजनाच्या नादात माती तुडवताना पोटचं पोर पायाखाली गेलेले. हा अध्याय लागला की समोर माती तुडवणारेच बसलेले. चिखल मळताना पाय कसे आपोआप पडत राहतात, हे अर्थ सांगणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. याला निव्वळ श्रवणभक्ती म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. ग्रंथ स्वतःच्या धंद्यावर घासून पाहणं हेच तर वाचन.

आज वाचनालयाचा विषय निघाला की पुस्तकं किती, सभासद किती, एवढंच आपण विचारतो. माझं म्हणणं, येत्या श्रावणात गावच्या वाचनालयानं गोष्ट पोथीसारखी लावावी. सुरुवात भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या कथेपासून करावी. भाव न मिळाल्यानं बाजारातच टोमॅटो तुडवणारा शेतकरी आहे तीत. अर्थ सांगायला शहरातला पाहुणा बोलावू नये. ज्यानं यंदा टोमॅटो लावलेत, त्यालाच पुढे बसवावं.