साखर बंद केल्याने कर्करोग उपाशी मरत नाही

टी. नगर (चेन्नई) : कर्करोगाच्या पेशी साखरेवर वाढतात, म्हणून साखर बंद केली की त्या मरतात, हा जुना दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आजारपणाविषयी केलेल्या विधानांनंतर पुन्हा देशभर पोहोचला. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती; चर्चा मात्र आहाराचीच झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना अखेर संयुक्त निवेदन काढून, अप्रमाणित उपायांपायी उपचार लांबवू नका, असे आवाहन करावे लागले.

या दाव्याच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की गाठीतील पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही भरमसाट ग्लुकोज वापरून त्याचे लॅक्टिक आम्ल बनवतात. याच गुणधर्मामुळे आजच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज शोषणाऱ्या अनेक गाठी उजळून दिसतात.

चूक होते ती यापुढच्या निष्कर्षात. ताटातली साखर थांबली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तातील पातळी टिकवून धरते, कारण मेंदू आणि तांबड्या पेशींनाही ते लागते. शिवाय कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिन आणि स्निग्ध पदार्थांवरही निभावून नेतात. कडक पथ्याने वजन घटते ते रुग्णाचे, आणि अशक्त शरीराला केमोथेरपी सोसणे कठीण जाते.

चयापचयावर नेमका घाव घालणाऱ्या पहिल्या औषधांची कहाणी मुंबई आणि चेन्नईशी जोडलेली आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे दाखवले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. डीएनए घडवण्यासाठी पेशीला तो हवाच असतो. येथील मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने फॉलिक आम्लासारखेच दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे ॲमिनोप्टेरिन तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांच्या आजाराला तात्पुरता उतार पडल्याचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे.

नवी औषधे आणखी नेमकी आहेत. आयडीएच या विकराच्या जनुकात दोष असलेल्या मेंदूच्या काही गाठींसाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये व्होरासिडेनिबला मान्यता दिली. उलट, प्रयोगशाळेत आशादायक वाटलेले मधुमेहावरील मेटफॉर्मिन स्तनांच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवरील चाचणीत निष्प्रभ ठरले. तो निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला.

म्हणजे प्रयोगशाळेतील निरीक्षण आणि रुग्णाचा उपचार यांच्यामध्ये चाचणीची पायरी असते. ती ओलांडून स्वयंपाकघरात पोहोचलेला सल्ला स्वस्त वाटतो, पण त्यापायी गेलेले महिने परत मिळत नाहीत. लवकर सापडलेला कर्करोग बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि पथ्याच्या भरवशावर हातची जाते ती हीच संधी.