खेळ आपला, नियम कोणाचे?

हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारताने इराणविरुद्ध ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदकाच्या आनंदात त्या सामन्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मात्र बाजूला पडली. सामना संपण्यास जेमतेम एक मिनिट उरले असता गुण २८-२८ असे समसमान होते. कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला आणि कोणासही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात उतरला. त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही तेथे गेले. आता बाद कोण? जुन्या नियमाप्रमाणे चढाईपटू व त्याच्यामागे गेलेले बचावपटू, असे सर्वच; लीगमध्ये अलीकडे रूढ झालेल्या नियमाप्रमाणे केवळ चढाईपटू. पंचांनी निर्णय दिला, फिरविला, पुन्हा फिरविला. खेळाडू मैदानातच ठाण मांडून बसले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला.

अखेर कौल आपल्या बाजूने लागला, म्हणून प्रश्न संपत नाही. जो खेळ १९९० च्या बीजिंग स्पर्धांपासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे, त्याच्या अंतिम सामन्यात नेमका कोणता नियम लागू आहे याविषयी दोन्ही संघ व पंच यांचे एकमत नसावे, ही बाब त्या खेळाच्या मायभूमीला भूषणावह नव्हे. हा एखाद्या पंचाचा दोष मानून सोडून देण्यासारखा विषय नाही. नियम लिहितो कोण, बदलतो कोण आणि तो सर्वांना कळवितो कोण, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर एके काळी महाराष्ट्रापाशी होते. गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला एकसूत्री रूप देण्याचे प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्यात झाले. संजीवनी, गामिनी व अमर असे या खेळाचे तीन प्रकार होते. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो की नाही, यावरून हे भेद पडले होते. पुढे १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धांच्या निमित्ताने नियमांना अधिक निश्चित स्वरूप आले. खो-खोची नियमावली तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्येच तयार केली होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये जगापुढे आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली, ती या पूर्वतयारीच्या बळावर. नियमांवाचून खेळ हा केवळ गावचा विरंगुळा राहतो, तो दुसऱ्या देशाला शिकविता येत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे कबड्डी आशियाई पातळीवर नेली, तीही याच जाणिवेने.

खेळ जगाला दिला की त्याचे नियम आपले एकट्याचे राहत नाहीत, आणि राहूही नयेत. ज्युदोचे उदाहरण पाहावे. पांढरा पोशाख ही त्या खेळाची परंपरा. प्रेक्षकांना व पंचांना दोन प्रतिस्पर्धी ओळखता यावेत म्हणून एकाने निळा पोशाख घालावा, ही सूचना आली तेव्हा जपानने विरोध केला. तरीही १९९७ मध्ये तो बदल झालाच. हॉकीत १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये नैसर्गिक गवताची जागा कृत्रिम पृष्ठभागाने घेतली आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत सातत्याने पदके मिळविणारा, १९७२ मध्येही कांस्यपदक जिंकलेला भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. त्यावर आपण अन्यायाची तक्रार केली. परंतु बदलाची चाहूल लागताच आपल्या शाळा-महाविद्यालयांतून तशी मैदाने तयार करण्याची निकड आपल्याला वाटली नाही, हेही तितकेच खरे.

नियम जाणणारा माणूस जवळ नसला तर किती किंमत मोजावी लागते, याचा दाखलाही महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना नियमाने मिळावयाची विश्रांती मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. मल्लाने ताकद कमवावी हे योग्यच. पण पंचांच्या टेबलाशी जाऊन नियमाचे कलम दाखविणे हे मल्लाचे काम नव्हे.

इतरांनी मात्र आपल्याकडून खेळ शिकताना त्याचे शास्त्रही शिकून घेतले. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुषांच्या उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरविले आणि महिलांचे सुवर्णपदकही पटकावले. त्या महिला संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. याविषयी खंत कशाला करावी? ज्ञान सीमा ओलांडते तेव्हाच खेळ वाढतो. खंत करावयाची ती आपल्या संस्थांच्या कारभाराची. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने कबड्डी महासंघावर प्रशासक नेमला, आणि सूत्रे निवडून आलेल्या मंडळाकडे देण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्या घराचा कारभार न्यायालयात, त्या घराच्या शब्दाला जगाच्या बैठकीत वजन कसे यावे?

हा विषय आता अधिक निकडीचा झाला आहे. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागणारे इरादापत्र दिले. यजमान शहराला काही खेळ सुचविता येतात. त्याच वाटेने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचे पुनरागमन ठरले. मग कबड्डी व खो-खो का नकोत, असे आपण विचारू. पण केवळ प्राचीनत्वाच्या अभिमानावर त्या दाराची कडी निघत नाही. अनेक देशांत रुजलेला खेळ, जगन्मान्य संघटना, उत्तेजकविरोधी नियमांचे काटेकोर पालन आणि सर्वत्र एकच, निःसंदिग्ध नियमावली, ही त्याची किल्ली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताने दोन्ही विजेतीपदे मिळविली. परंतु तेथील ‘वजीर’ असलेला खेळ आणि आपल्या शाळांतून शिकविला जाणारा खेळ एक नाही. दोन्ही प्रकार राहू द्यावेत. मात्र कोणता कोठे चालतो, हे मुलांना व पंचांना आधी ठाऊक हवे.

याची सुरुवात दिल्लीत नव्हे, शाळेत व्हावयास हवी. पुण्याच्या कडेला असलेल्या धायरीचेच पाहा. २०१७ मध्ये या गावाचा उर्वरित भागही महापालिकेत आला. अशा वाढत्या उपनगरात मोकळी जागा दुर्मिळ होत जाते. तरीही कबड्डीच्या मैदानाला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद एवढीच जागा पुरते. ती राखून ठेवणे महापालिकेचे काम. चालू नियमावली शुद्ध मराठीत, दरवर्षीच्या बदलांसह, प्रत्येक शाळेत पोहोचविणे हे राज्य संघटनेचे. आणि सायंकाळी तेथे शिट्टी घेऊन उभा राहील असा परीक्षा उत्तीर्ण झालेला पंच? तो बहुधा एखादा शिक्षक, कारकून अथवा महाविद्यालयीन विद्यार्थीच असणार. आजवर या खेळांचा भार याच वर्गाने वाहिला आहे.

चढाई करणाराला टाळ्या मिळतात, नियम जाणणाराला मिळत नाहीत. परंतु हांगचौच्या त्या तासाभरात भारताचे सुवर्णपदक अवलंबून होते ते नियमपुस्तकातील एका कलमावर. ते कलम लिहिताना आपला माणूस उपस्थित असावा, आणि तो अभ्यास करून गेलेला असावा, एवढी व्यवस्था आपण करावयास नको काय?