सोन्यातले लोखंड

दर आठवड्याला या पानावर मी शब्दांचा कीस काढतो आणि वाचक तो बिचारे सोसतात. दिवाळीच्या अंकात तरी त्यांना सुट्टी द्यावी असा माझा विचार होता. पण नवरात्र संपता संपता आमच्या घरात एक असा शब्द शिरला की, दिवाळी तोंडावर आली तरी तो जायचे नाव घेईना. शब्द होता 'कोंडो'.

तुम्ही म्हणाल, कोंडा ठाऊक आहे, कोंडी ठाऊक आहे. हा कोंडो कोण? मीही तेच म्हणालो होतो.

झाले असे. माझी पुतणी यंदा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला एका कंपनीत नोकरी मिळाली आणि त्याच आठवड्यात संशोधनासाठी प्रवेशही मिळाला. दादाच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि घराचे हप्ते उरले आहेत पाच वर्षांचे. तेव्हा त्याच्या मते हा प्रश्नच नव्हता. "तू मास्तर माणूस. तुझं ती ऐकते. चार शब्द सांग तिला," म्हणून त्याने मला बोलावून घेतले. मी गेलो, तर जिन्यातच पुतणीने गाठले. "काका, तुम्ही बाबांना सांगा ना!"

दोन्ही पक्षकारांनी एकच वकील धरला की त्याने निदान खटल्याचे कागद तरी वाचावेत. मी म्हटले, "आधी मला सांग, तू करणार आहेस काय? मला समजलं तर तुझ्या बाबांना समजेल."

तिने वहिनींची बांगडी माझ्या हातावर ठेवली. "यातून वीज जाते म्हणजे इलेक्ट्रॉन वाहतात. धातूतले अणू उष्णतेने थरथरत असतात, त्यांना इलेक्ट्रॉन अडखळतात. तोच विजेला होणारा रोध. धातू गार केला की थरथर कमी, मग रोधही कमी. आणि अगदी गारठवला तर?"

"कमी होत होत कुठं तरी स्थिरावेल."

"शाब्बास! सगळ्यांना तसंच वाटत होतं."

इतक्या वर्षांत मला कोणी 'शाब्बास' म्हटले नव्हते. मी सावरून बसलो.

हॉलंडातल्या लायडन गावी 1908 साली कामरलिंग ऑनेस यांनी हेलियम वायूचा द्रव करून दाखवला. हा द्रव उणे 269 अंशांवर उकळतो, म्हणजे त्याच्या गारव्यापुढे हिमालय म्हणजे चुलीजवळची जागा! त्याच गावच्या प्रयोगशाळेत द हास, द बूर आणि वान डेन बर्ग या तिघांनी 1934 साली सोन्याचा रोध मोजला. तो कमी होत गेला हे ठीकच. पण निरपेक्ष शून्य काही अंशांवर राहिले असताना तो पुन्हा वाढू लागला! गारठ्यात अणू गप्प बसलेले, वाट मोकळी, मग इलेक्ट्रॉनांना अडवतो कोण?

पुढे संशय गेला लोखंडावर. शुद्ध म्हणवणाऱ्या सोन्यातही दहा लाख अणूंमागे लोखंडाचे काही मोजके अणू राहून जातात. पण एवढ्याशा खोटीने एवढे व्हावे कसे, हे कोडे तीस वर्षे सुटले नाही. ते 1964 साली जपानच्या जून कोंडो यांनी सोडवले. तेव्हा ते 34 वर्षांचे होते. कोंडोंनी कोंडी फोडली, हा विनोद मी लगेच केला. पुतणी हसली नाही.

"काका, साधा अडथळा म्हणजे वाटेतला धोंडा. तुम्ही आपटलात काय, मी आपटले काय, धोंडा तसाच राहतो. पण लोखंडाचा अणू चुंबकीय. त्याला फिरकी असते, इलेक्ट्रॉनालाही असते. इलेक्ट्रॉन येऊन आपटला की दोघांच्या फिरक्या उलटू शकतात. मग पुढच्या इलेक्ट्रॉनाला भेटतो तो बदललेला अणू."

"म्हणजे आमच्या जुन्या वाड्यातले बापूराव! सकाळी एकाशी भांडले की दुपारी दुसऱ्याशी त्याच भांडणाच्या संदर्भाने बोलायचे."

"अगदी तसंच! अणूला मागची भेट जणू आठवते. त्यामुळे इलेक्ट्रॉन एकेकटे राहत नाहीत. त्या अणूमार्फत ते एकमेकांत गुंततात. कोंडोंनी हा हिशेब एक पायरी पुढे नेला, तर गारठा वाढेल तसा रोध वाढतो असंच उत्तर निघालं."

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मिरियम सॅराचिक या बाईंनी लोखंड मिसळलेले मिश्रधातू मोजले. जिथे लोखंडाचा अणू चुंबकीय राहतो तिथेच रोध असा उलटा फिरतो, हे त्यांना दिसले.

पण कोंडोंच्या गणिताला एक खोड होती. निरपेक्ष शून्याकडे जावे तसा त्यात रोध अनंताकडे धावत सुटे, आणि निसर्गात तसे घडत नाही. हा गुंता 1975 साली केनेथ विल्सन यांनी उलगडला. पुरेशा गारठ्यात भोवतालचे इलेक्ट्रॉन त्या अणूला वेढून बसतात आणि त्याची फिरकी झाकून टाकतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो चुंबक असल्याचा पत्ताच लागत नाही.

"म्हणजे बापूरावांना सगळ्या वाड्यानं सांभाळून घेतलं!" मी सद्गदित झालो.

"काका, इलेक्ट्रॉनांना माया नसते. तसं बसण्यात ऊर्जा कमी लागते, इतकंच."

मग तिने तिच्या कामाचे सांगितले. सोन्यात लोखंड चुकून येते. पण काही संयुगांत सीरियमसारखे चुंबकीय अणू रांगेने, प्रत्येक घरात एक, असे बसलेले असतात. तिथे इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड झाल्यासारखे वागतात. चुंबकीय अणू हा अतिवाहकतेचा, म्हणजे रोध नाहीसा होण्याचा, वैरी समजला जाई. पण 1979 साली जर्मनीत फ्रांक श्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सीरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या अशाच एका संयुगात अतिवाहकता सापडली. हे कसे होते, ते अजून पुरते उलगडलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी द्रव्ये अभ्यासली जातात. आमच्या पुतणीला या रांगेत उभे राहायचे आहे.

दादाने सगळे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला. "उपयोग काय?"

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला आहे. एम.ए. झाल्यावर मला जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहायचा होता. चार गावे फिरून मी दोन वह्या भरल्याही होत्या. वडिलांनी हेच विचारले, मला उत्तर सुचले नाही आणि मी 'तूर्त' म्हणून नोकरी धरली. ते तूर्त अजून चालू आहे. वह्या ट्रंकेत आहेत. त्यांतल्या एका म्हातारीने "उरलेल्या पुढल्या खेपेला सांगते," असे म्हटले होते. पुढली खेप झाली नाही, आणि आता ती म्हातारीही नाही.

हे मी दादाला कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटले, "उपयोग मला ठाऊक नाही. लायडनच्या तिघांनाही ठाऊक नसेल. पण विचारायचं राहून गेलं म्हणजे काय होतं, ते मला ठाऊक आहे. तुझ्या हप्त्यातला अर्धा मी भरतो."

वाचकहो, हे वाक्य मी घरी न विचारता उच्चारले होते. आमच्या मंडळींनी त्यावर काय म्हटले, ते सणाच्या अंकात छापण्याजोगे नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याची गोष्ट त्यांनी आपण होऊन पुढे ढकलली.

दादा बराच वेळ गप्प होता. आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून काढलेला माणूस तो. शेवटी लेकीकडे वळून म्हणाला, "दहा लाखांत मोजके अणू? आणि त्यांची चूक ताळेबंदात दिसते?"

"दिसते, बाबा."

"हं. मग बघायलाच हवं." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "हप्त्याचं तुझं तू ठेव. फारच अडलं तर मागेन."

परवा तो वहिनींच्या पाटल्या उजळायला सोनाराकडे गेला होता. तिथे त्याने भरल्या दुकानात विचारले म्हणे, "यात लोखंड किती?" तीन पिढ्यांचा आमचा सोनार, पण तो अजून आमच्याशी धड बोलत नाही.