'देशी' लिहून मोकळे होऊ नका

लग्नसराईत वसई-विरारमध्ये वरातीची घोडी तपासणीला आली की केसपेपरवरच्या 'जात' या रकान्यात आपल्यापैकी बरेच जण 'देशी' असे लिहितात. त्यातून जनावराबद्दल काहीच कळत नाही.

प्रजातीपुरता प्रश्न सुटलेला आहे. लिनियसने 1758 मध्ये दिलेले 'इक्वस कॅबॅलस' हे नाव पाळीव घोड्याला आजही चालते. रानटी पूर्वज तो 'इक्वस फेरस'. नर्मदेच्या खोऱ्यात 'इक्वस नमाडिकस'चे जीवाश्म मिळतात, म्हणून आपला घोडा मूळचा इथलाच, असे काही जण मानतात. ते चूक आहे. ती प्रजाती केव्हाच नामशेष झाली. 'नेचर'मध्ये 2021 साली 273 प्राचीन घोड्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास आला. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा-डॉनच्या गवताळ प्रदेशातला आणि सुमारे 4200 वर्षांपूर्वी तिथून झपाट्याने पसरलेला, असे त्यातून दिसले. कझाकस्तानातल्या बोताई लोकांचे घोडे त्याहून जुने, पण ते प्रझेवाल्स्कीच्या घोड्याला जवळचे. त्याची गुणसूत्रे 66, आपल्या घोड्याची 64. पसरलेल्या वंशात दोन जनुकांची निवड ठळक दिसते: एक पाठीच्या बळकटीशी निगडित, दुसरे शांत स्वभावाशी. पाठ धरलेली आणि बुजरी जनावरे रोज हाताळणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मारवाडी, काठियावाडी, अरबी हे भेद त्यानंतरचे, माणसाच्या निवडीचे. त्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. तेराव्या शतकातल्या ठाण्याबद्दल मार्को पोलो सांगतो की राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाला, बाकीचा माल त्यांना. अरबस्तान-इराणचे घोडे असे कोकणच्या बंदरांतून घाटावर गेले, तिथल्या तट्टांशी त्यांचा संकर झाला आणि भीमाकाठी भीमथडी घडली. मराठी फौजांनी तिच्यावर मोहिमा काढल्या. आज धनगर मंडळी तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादून मेंढरांबरोबर चालतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. घोड्यांच्या भारतीय जातींत ती आठवी. हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.

नोंद झाली तरी जात टिकवायची तर माहिती आपल्याच केसपेपरांतून जमणार आहे. यापुढे 'देशी' लिहू नका. खांद्यापाशी उंची मोजा, रंग आणि खुणा लिहा, जनावर कुठल्या बाजारातून आले आणि त्याचे आईबाप कोण, हे मालकाला विचारा. जात ठरत नसेल तर 'जात अनिश्चित' असे स्पष्ट लिहा.